सदाशिव अमरापूरकर यांच्या खलभूमिका

बोलपटाच्या जाहिरातींत नायकाचें नांव वर असतें. परंतु गुन्हेगारीच्या कथेंत प्रेक्षकांच्या मनांत घर करून राहतो तो बहुधा खलपुरुष. १९३१ सालीं ‘लिट्‌ल सीझर’ या अमेरिकन बोलपटांत एडवर्ड जी. रॉबिन्सन यानें टोळीचा म्होरक्या रंगविला आणि हॉलिवुडांतील अशा भूमिकांना वळण लावून दिलें. महाराष्ट्रांत या जातीच्या नटांत सदाशिव अमरापूरकर यांचें स्थान फार वरचें आहे.

११ मे १९५० रोजीं जन्मलेले अमरापूरकर अहमदनगरचे. मूळ आडनांव नरवडे. पुणें विद्यापीठांतून इतिहास विषय घेऊन ते एम्. ए. झाले, पण ओढा रंगभूमीकडे. ‘हँड्‌स अप’ या मराठी नाटकांतील त्यांचें काम दिग्दर्शक गोविंद निहलानी यांच्या दृष्टीस पडलें, आणि १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’ या बोलपटांतील रामा शेट्टी त्यांच्या वांट्यास आला.

मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. एका तरुण पोलीस अधिकाऱ्यास मुंबईचा हा गुंड पदोपदीं आडवा येतो. कारण त्याचें बळ सुऱ्यांत नसून वरिष्ठांशीं असलेल्या संधानांत आहे. तो निवडणुकीस उभा राहतो, प्रतिष्ठित होतो. कोठडींत एका आरोपीस मारून संकटांत सांपडलेला तोच अधिकारी अखेर साहाय्यासाठीं त्याच्या दारीं जातो! अमरापूरकरांनीं ही भूमिका आरडाओरड न करतां, स्वस्थ बसून केली. कायदा आपलें कांहीं करूं शकत नाहीं, ही त्या माणसाची खात्रीच प्रेक्षकांस भिववून गेली. साहाय्यक नटाचें फिल्मफेअर पारितोषिक त्यांस मिळालें.

पुढें १९९१ च्या ‘सडक’ मधील महाराणीनें त्यांस खलनायकासाठीं नव्यानेंच सुरू झालेलें फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिलें. १९९५ च्या ‘कुली नं. १’ मध्यें मात्र त्यांनीं लग्नें जमविणारा विनोदी मध्यस्थ उभा केला.

पडद्याबाहेर हा नट अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कार्यांत रमला. ३ नोव्हेंबर २०१४ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. अन्यायाचें बळ कशांत असतें, हें ज्यानें जवळून न्याहाळलें, त्यालाच रामा शेट्टी इतका खरा वठवितां आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.