रेक्याविकची खुली स्पर्धा

सांगलीत बुद्धिबळ भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुण्याईने घरोघर शिरले, त्यातलेच एक आमचे घर. त्यामुळे आइसलँडमधली रेक्याविक ओपन सुरू झाली की मी रात्री पट मांडून बसतो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

ही स्पर्धा 1964 साली सुरू झाली, पण तेव्हा ती खुली नव्हती. निमंत्रित चौदा जण, प्रत्येकाशी एक डाव. माजी जगज्जेता मिखाईल ताल आला आणि तेरापैकी साडेबारा गुण घेऊन गेला! म्हणजे सगळ्या स्पर्धेत एकच बरोबरी. त्याच पटांवर नोना गाप्रिंदाश्विली ही तेव्हाची महिला जगज्जेतीही पुरुषांशी झुंजत होती. मला तालच्या गुणांइतकेच तिचे तिथे असणे मोलाचे वाटते.

पुढे 1972 मध्ये फिशर-स्पास्की लढतीने हे शहर जगाला ठाऊक झाले. ते सर्वांनी लिहिले आहे. माझ्या लेखी मोठा बदल 1982 चा: स्पर्धा स्विस पद्धतीने खुली झाली. यात हरणारा बाहेर पडत नाही. पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेला प्रतिस्पर्धी समोर येतो. शाळकरी मूल आणि ग्रँडमास्टर एकाच सभागृहात खेळतात. निमंत्रणाची वाट पाहणाऱ्या देशांना हे दार फार उशिरा उघडले.

त्या दारातून आपली मुले शिरली. 2016 मध्ये अभिजित गुप्ता, 2018 मध्ये अधिबन आणि 2022 मध्ये सोळा वर्षांचा प्रज्ञानंद विजेता ठरला.