तळटीप : सिविक सेंटरच्या प्रकरणातली ‘लीग’

१. लीग : भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या गप्पांत येणारी ही स्नूकर लीग म्हणजे बॅरी हर्न यांनी १९८७मध्ये इंग्लंडात सुरू केलेली व्यावसायिक स्पर्धा. आधी ‘मॅचरूम लीग’, पुढे ‘प्रीमियर लीग’. एरवी स्नूकरमध्ये हरला तो बाहेर. इथे मोजके निमंत्रित खेळाडू आपसांत साखळी सामने खेळत. उत्तरकाळात सामना सहा फ्रेमचा असे. कुणी ४-० असा जिंकला तरी उरलेल्या दोन फ्रेम खेळाव्याच लागत, आणि ३-३ अशी बरोबरीही होई. २००५पासून फटक्याला २५ सेकंदांची मर्यादा आली. टेबलाभोवती फिरून, वाकून, पुन्हा उठून कोन पाहत बसायची सोय संपली. रॉनी ओ’सलिव्हनच्या चपळ हाताला हे इतके मानवले, की दहा विजेतेपदे त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. २०१२नंतर ही लीग बंद झाली.

आपल्याकडच्या व्यावसायिकांत मुंबईचे यासीन मर्चंट आणि आदित्य मेहता ही नावे वाचकाने अवश्य लक्षात ठेवावीत. मेहता २०१३मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला. मानांकन स्पर्धेत तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय.

आणखी एक नोंद इथे करायलाच हवी. स्नूकरचा जन्म १८७५चा, जबलपूरच्या लष्करी छावणीतला. जबलपूर आणि दुर्ग-भिलाईचा मुलूख हे दोन्ही तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होते.