जालविलंबमापन व संगणकाचे घड्याळ

संगणकजालातून निघालेला संदेश इष्ट मुक्कामी पोहोचेपर्यंत जो काळ लोटतो त्यास जालविलंब म्हणतात. आणि तो ठरविण्याचा आधार दोन्ही टोकांची घड्याळे हाच असल्यामुळे, त्यांच्यात जेवढी तफावत तेवढी मापनात अशुद्धी येते.

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे तालुक्याचे ठिकाण मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर दूर असून, काचतंतूतून प्रकाश सेकंदाला अंदाजे २ लक्ष किलोमीटर धावत असल्याने, उमरीच्या कचेरीतून त्या मार्गाने निघालेला संदेश अडीच सहस्रांश सेकंदांच्या आत मुंबईस पोहोचणे सृष्टिनियमानेच अशक्य आहे. प्रत्यक्षात तार वळणे घेत जाते व वाटेतील यंत्रांत संदेश खोळंबतो, म्हणून हा विलंब १० सहस्रांश धरला आणि उमरीचे घड्याळ अवघे २० सहस्रांश पुढे असले, तर संदेश निघण्यापूर्वीच पोहोचल्याचा विपरीत दाखला दप्तरी लागेल. साधारण संगणकातील स्फटिकाची गती दशलक्षांत २० भागांनी चुकणे नवलाचे नाही, आणि तेवढ्यानेही दिवसाकाठी पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. शिवाय ही गती तापमानानुसार बदलत असल्यामुळे मराठवाड्याचा वैशाख तिला मुळीच अनुकूल नाही.

संदेश जाऊन परत येण्याचा काळ एकाच घड्याळावर मोजता येत असल्याने तेथे ही तफावत बाधत नाही. मात्र त्याची निमपट करून एका दिशेचा विलंब काढण्याची जी सरसकट वहिवाट आहे, ती जाण्या-येण्याचे मार्ग भिन्न असल्यास सर्वस्वी फसवी ठरते. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेली कालजुळणीची पद्धतीही चार कालनोंदींवरून घड्याळांतील अंतर काढताना दोन्ही दिशांचा विलंब समान मानते, म्हणून सूक्ष्म कामासाठी दोन्ही मुक्कामी उपग्रहांकडून थेट वेळ घेणारे ग्राहकयंत्र बसविणे श्रेयस्कर.

ज्या मुंबईने १९०६ नंतरही प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागची स्वतःची वेळ दीर्घकाळ जपली, तिची आणि उमरीची संगणकीय घड्याळे आज दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळांशी रुजू करता येतात. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशाने तशी जुळणी बंधनकारकही केली. घड्याळांतील संभाव्य तफावत सोबत नोंदलेली नसेल, तर एका दिशेच्या विलंबाचा आकडा ग्राह्य मानू नये.