विष एक, कोड दोन

नागपूरच्या धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने. विदर्भातून आलेली माणसे मांडीवर फाइल घेऊन बाहेर बसलेली असतात. फाइलमध्ये डॉक्टर शब्द लिहितात. पण सरकारी आकडेवारीला शब्द चालत नाहीत, कोड लागतो. ही पद्धत जुनी आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागोत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तीच वाढत गेली आणि १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची दहावी आवृत्ती मंजूर केली.

या आवृत्तीत कीटकनाशकाने झालेल्या मृत्यूचे वेगवेगळे कोड आहेत. अपघाताने विषबाधा झाली तर एक्स ४८, स्वतःहून घेतले तर एक्स ६८. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते एक्स ४८. कर्जापायी कुणी तोच डबा तोंडाला लावला, तर एक्स ६८. विष एकच; फरक फक्त हेतूचा. आणि हेतू रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. तो घरच्यांच्या बोलण्यातून काढावा लागतो. आपल्याकडे कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. घरचे खाली मान घालून सांगतात, ‘औषध पोटात गेलं.’ गेलं की घेतलं? सगळा कोड या एका क्रियापदावर अडलेला असतो.

हे काम संगणकाला जमेल का? याची मोठी परीक्षा आपल्या शेजारीच झाली. महाराष्ट्रातील अमरावती, गुजरातमधील आणंद आणि पंजाबमधील मानसा या भागांतल्या ११७ गावांत कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मृत्यूंची माहिती विचारली. एकूण ९,३७४ मृत्यू. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. ४,६५१ मृत्यूंची कारणे डॉक्टरांनी ठरवली. प्रत्येक मृत्यू दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासला. उरलेले ४,७२३ सहा संगणकीय पद्धतींकडे गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या चित्राशी संगणकाचे चित्र सरासरी ६२ टक्केच जुळले. प्रौढांमधील कर्करोग आणि आत्महत्या संगणकाने कमी मोजल्या, ‘इतर इजा’ मात्र जास्त मोजल्या.

संगणक थकत नाही, कंटाळत नाही, आणि खेड्यांसाठी डॉक्टर पुरत नाहीत, हेही खरेच. दवाखान्यातली फाइल वाचणे हे गावातल्या चौकशीपेक्षा वेगळे काम आहे, हेही मान्य. पण फाइलमध्ये नुसतीच ‘विषबाधा’ लिहिली असेल, तर यंत्र तरी हेतू कुठून आणणार?

विदर्भासाठी ही कारकुनी बाब नाही. आत्महत्या ‘इतर इजा’त जमा झाली, तर कागदावर दुःख कमी दिसते आणि उपायही कमी होतात. कोड यंत्राने खुशाल लावावा. पण ‘औषध पोटात गेलं’ हे ऐकल्यावर हळूच पुढचा प्रश्न विचारणारा माणूस आधी तिथे बसलेला हवा.