बॅलिनरोबचा कप्तान आणि आपली पंगत

‘बॉयकॉट’ला मराठीत ‘बहिष्कार’ म्हणतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. माझंही इतकी वर्षं तेवढ्यावर भागत होतं. मग जेम्स रेडपाथ नावाच्या अमेरिकी पत्रकाराची १८८१ सालची एक हकिगत वाचनात आली आणि त्यातल्या दोन ओळींनी डोक्यात भुंगा सोडला. ज्या दोघांनी हा शब्द जन्माला घातला, त्यांच्याकडे ‘बहिष्कार’ या अर्थाचा शब्द आधीच तयार होता. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि बाजूला ठेवला. इथे हा लागू पडत नाही, म्हणाले.

हे बोलणं झालं आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, बॅलिनरोब या बाजारगावाच्या पंचक्रोशीत. आयरिश गावांच्या नावात पुढे येणारं ‘बॅलि’ म्हणजे आपलं ‘वाडी’ किंवा ‘गाव’; बॅलिनरोब म्हणजे रोब नदीवरचं गाव. गावाला वळसा घालून ही नदी मास्क नावाच्या मोठ्या सरोवराला मिळते. सगळा मुलूख चुनखडीचा. मास्कचं पाणी जमिनीखालच्या भेगांतून वाट काढत काँग गावाजवळ वर येतं आणि पुढे कॉरिब सरोवरात जातं. बटाट्याच्या दुष्काळाच्या काळात हाताला काम म्हणून या दोन सरोवरांना जोडणारा कालवा खणायला घेतला. काही वर्षं त्यावर काम चाललं, पण खडक पाणी पिऊन टाकायचा. काँगचा तो कोरडा कालवा अजून तसाच आहे. जुन्या मठाचे अवशेष, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, चर्चमधल्या हॅरी क्लार्कच्या रंगीत काचा, हे सगळं बॅलिनरोबला गेलात तर बघाच. आपल्या गोष्टीला मात्र एकच जागा लागते: बाजार.

बाजार का, ते सांगतो. आयर्लंडातली शेतं विखुरलेली, घरं लांब लांब. पाव, चहा, नाल, धुणं, टपाल, मजूर, सगळ्यांची गाठ बाजारगावात पडायची. आपल्याकडे बलुतेदारांनी हात आखडला की पाटलाचाही वाडा ओस पडावा, तसं तिथे बाजारगावाने पाठ फिरवली की जमीनदाराचं घर बेट व्हायचं.

कप्तान चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडच्या नॉरफकचा. फौजेत थोडी वर्षं काढली, मग आयर्लंडात जमीन कसायला आला. मास्कच्या काठी सहाशेएकोणतीस एकर खंडाने घेतले आणि लॉर्ड अर्न या जमीनदाराचा एजंट म्हणून कुळांकडून वसुलीचं कामही धरलं. माणूस राक्षस नव्हता. चिकट आणि कज्जेदलाल होता. कुणाची कोंबडी आत शिरली, कुणी फाटक उघडं टाकलं, की दंड. गंमत म्हणजे घराण्याचं मूळ आडनाव ‘बॉयकॅट’. १८४१ साली ते ‘बॉयकॉट’ केलं गेलं. तसं झालं नसतं तर आज जगभर लोकांनी एकमेकांना बॉयकॅट केलं असतं.

१८७७ ते ७९ अशी ओळीने नापिकी झाली, लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली, हे इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. १८८० च्या सप्टेंबरात कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. लॉर्ड दहाच्या वर जायला तयार नव्हता. २२ तारखेला बेलिफ पोलिसांना घेऊन बेदखलीच्या नोटिसा बजावायला निघाला. तीन घरी बजावल्या. चौथ्या घरच्या बाईने, मिसेस फिट्झमॉरिसने, नोटीस घेतलीच नाही आणि आसपासच्या बायका चिखल आणि शेण घेऊन धावून आल्या. बेलिफ आणि पोलीस मागे फिरले. दुसऱ्या दिवशी जमाव कप्तानाच्या घरी गेला आणि नोकरांना म्हणाला, निघा. ते निघाले. लोहाराने काम बंद केलं, धोबिणीने कपडे घेणं बंद केलं, दुकानदारांनी माल बंद केला. अन्न काँगहून होडीने आणावं लागलं. कप्तानाला कुणी हात लावला नाही. शेतात बटाटे आणि सलगम मात्र काढायचे राहिले.

या सगळ्याला म्हणायचं काय?

रेडपाथ हा गुलामगिरीविरुद्ध लेखणी झिजवलेला माणूस. आयर्लंडातल्या हालांवर तो अमेरिकी पत्रांना बातम्या पाठवत होता. बॅलिनरोबपासून थोड्या मैलांवर ‘द नील’ नावाचं खेडं आहे; तिथले धर्मगुरू फादर जॉन ओ’मॅली हे या लढ्याचे खरे सूत्रधार. त्यांच्याकडे तो जेवायला बसला होता. ताट तसंच पाहून फादरनी विचारलं, काय झालं? रेडपाथ म्हणाला, एक शब्द अडलाय. बेदखल झालेल्या शेजाऱ्याची जमीन जो बळकावतो, त्याला लोक वाळीत टाकतात, त्याला आपण ‘सामाजिक बहिष्कार’ म्हणतो. (त्याने वापरलेला शब्द चर्चच्या दंडविधीतला, आपल्या जातबहिष्काराचा सख्खा भाऊ.) पण जमीनदाराला किंवा त्याच्या एजंटाला असं केलं तर त्याला वेगळं नाव हवं. अथेन्सच्या ग्रीकांचा शब्द होता, खापरीवर नाव लिहून हद्दपार करण्याचा. पण तो इथल्या शेतकऱ्यांना कळायचा नाही. फादर म्हणाले, नाही, तो नाही चालायचा. मग खाली पाहत त्यांनी आपल्या रुंद कपाळावर बोटं आपटली आणि म्हणाले, त्याला ‘बॉयकॉट करणं’ म्हटलं तर?

पुढचा भाग मला जास्त आवडतो. रेडपाथने जेवणाच्या टेबलावरच शब्दाच्या प्रसाराची योजना आखली. तुम्ही तुमच्या लोकांना हाच शब्द वापरायला सांगा. मी डब्लिनला जाऊन लीगच्या तरुण वक्त्यांना सांगतो आणि अमेरिकेच्या पत्रांत लिहितो. शब्द आपसूक रुळतात असं आपण समजतो. हा ठरवून बाजारात सोडलेला शब्द आहे. १२ ऑक्टोबरला तो शिकागोच्या ‘इंटर-ओशन’मध्ये छापून आला. १४ तारखेला कप्तानाने स्वतः ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं आणि लंडनला कहाणी कळली. २० नोव्हेंबरला ‘टाइम्स’च्या बातमीत लिमरिक परगण्यातल्या न्यू पॅलसचे लोक दुसऱ्याच कुणाला तरी ‘बॉयकॉट’ करत होते. दोन महिन्यांत माणसाचं क्रियापद झालं.

आता प्रतिपक्ष. पहिला म्हणतो, शब्द रेडपाथचाच. श्रेय फादरना दिलं ते सौजन्य म्हणून, कारण साक्षीदार तो एकटा. मला हे पटत नाही. पोटासाठी लिहिणारा पत्रकार स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या पदरात टाकत नसतो. शिवाय लँड लीगचा संस्थापक मायकेल डेविट, तोही मेयोचाच, आपल्या १९०४ च्या इतिहासात श्रेय ओ’मॅलींनाच देतो. दुसरा पक्ष जास्त वजनदार. तो म्हणतो, खरा जनक लँड लीगचा अध्यक्ष पार्नेल. १९ सप्टेंबरला, म्हणजे नोटिसांच्या तीनच दिवस आधी, एनिसच्या सभेत पार्नेलने विचारलं होतं की शेजाऱ्याची जमीन घेणाऱ्याचं काय करायचं? गर्दीतून ओरडा झाला, गोळी घाला. तो म्हणाला, त्याहून चांगला, ख्रिस्ताला शोभेल असा उपाय आहे: रस्त्यात, दुकानात, जत्रेत, चर्चमध्ये त्याच्याशी बोलू नका. जुन्या काळी महारोग्याला टाकत तसा त्याला टाका.

पण नीट बघा. पार्नेल बोलत होता जमीन बळकावणाऱ्या कुळाबद्दल. तो त्यांच्यातलाच, त्याच चर्चमध्ये गुडघे टेकणारा, त्याच गुत्त्यात बसणारा. अशाला वाळीत टाकता येतं, कारण तो आपल्या पंगतीत असतो. कप्तान बॉयकॉट कधी त्या पंगतीत बसलाच नव्हता. तो प्रॉटेस्टंट, इंग्रज, सायबाच्या घोड्यावरचा. त्याला जातीबाहेर काय काढणार, तो मुळातच बाहेरचा. त्याच्याकडून काढून घेता येण्यासारखी एकच गोष्ट होती: आपली मेहनत. मेयोतल्या त्या जेवणाच्या टेबलावर ही दोन वेगळी हत्यारं आहेत हे ओळखलं गेलं आणि म्हणून नवा शब्द पडला. फादरनाही चर्चचा शब्द नको असेल, तर त्याला आणखी एक कारण असणार. धर्मातून बाहेर काढण्याचा अधिकार बिशपचा. गावच्या पाद्र्याने तो शब्द आंदोलनात वापरला असता तर वरून खुलासा मागितला गेला असता. ही माझी अटकळ आहे, पण मी तिच्यावर पैज लावायला तयार आहे.

बाकी नाटक सगळ्यांना ठाऊक आहे. कॅव्हन आणि मोनॅहनहून पन्नास ऑरेंजमन, म्हणजे राजनिष्ठ प्रॉटेस्टंट, पीक काढायला आले. क्लेअरमॉरिसला रेल्वे संपली, बॅलिनरोबपर्यंत रूळ १८९२ मध्ये आले; भाड्याची गाडी कुणी देईना, तेव्हा पावसात चौदा मैल चालत आले. सोबत हजारभर सैनिक. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाला. पार्नेलने हिशेब केला, एका सलगमाला सरकारचा एक शिलिंग पडला. फादर ओ’मॅलींनी लोकांना घरात बसवलं होतं, रस्ते ओस. म्हणतात, तरी दोन-चार म्हाताऱ्या रस्त्याकडेला उभ्या दिसल्या, तेव्हा फादर त्यांच्यावर खेकसले: ब्रिटिश फौजेला घाबरवू नका म्हणून सांगितलं होतं ना! २७ नोव्हेंबरला कप्तान निघाला. गाडी हाकायला गाडीवान मिळेना, म्हणून लष्कराच्या रुग्णगाडीतून. १ डिसेंबरला त्याने आयर्लंड सोडलं. पुढे परत आला, पण १८८६ ला कायमचा इंग्लंडला गेला आणि १८९७ मध्ये वारला. फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी, सगळ्यांनी त्याचं आडनाव घेतलं. आयरिश भाषेनेही ते इंग्रजीतून उसनं घेतलं.

कप्तानाने आयर्लंड सोडल्यावर महिन्याभराने, ४ जानेवारी १८८१ ला, पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. हा निव्वळ योगायोग. पुढचा नाही. १९०५ मध्ये बंगालची फाळणी जाहीर झाली, कलकत्त्याने विलायती मालावर ‘बॉयकॉट’ पुकारला आणि टिळकांनी तो उचलला. स्वदेशी इकडे नवी नव्हती. सार्वजनिक काकांनी १८७० च्या दशकातच अंगावर खादी चढवली होती. नवा होता तो दुसरा शब्द. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो ‘बहिष्कार’ म्हणून बसला.

मराठीकडे शब्दांची वाण नव्हती. ‘ग्रामण्य’ होतं, ‘वाळीत टाकणं’ होतं. (कपडे वाळण्याशी या वाळीतचा संबंध लावायचा मोह होतो, पण जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे टाकून देणे, वगळणे असं निराळं क्रियापद आहे, वाळीत त्यातलं.) आणि टिळकांना या शब्दाचा चटका अंगावरचा होता. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उभं राहिलं, तेव्हा प्रायश्चित्ताच्या यादीत रानडे होते आणि टिळकही. ज्या शब्दाने सनातन्यांनी त्यांना पंगतीतून उठवलं, तोच त्यांनी पंधरा वर्षांनी मँचेस्टरच्या धोतरावर फिरवला. रेडपाथला हवा होता तसा, शेतकऱ्याला समजावून सांगावा न लागणारा शब्द मिळाला. पण मँचेस्टर आपल्या पंगतीत कधी होतं? मेयोने जी दोन हत्यारं वेगळी केली होती, ती आपण पुन्हा एका म्यानात घातली.

त्याची किंमत कुणी मोजली ते पुढे दिसलं. आंबेडकरांनी १९२४ ला ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढली आणि ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. तिथे ‘बहिष्कृत’ म्हणजे ज्यांना पंगतीत कधी बसूच दिलं नाही ते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांचं गावोगाव वाणसामान आणि काम तोडलं गेलं. मुंबई सरकारच्या १९३० च्या स्टार्ट समितीने, जिच्यावर आंबेडकर होते, या हत्याराची नोंद केली आहे. बॅलिनरोबच्या बाजाराने एजंटाला जे केलं, नेमकं तेच, फक्त वरून खाली.

३ जुलै २०१७ ला महाराष्ट्रात जातपंचायतींच्या आणि गावकीच्या वाळीत प्रकरणांविरुद्ध कायदा लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याच्या मराठी नावात ‘सामाजिक बहिष्कार’ आहे. इंग्रजी नावात तिथे ‘सोशल बॉयकॉट’ आहे. ज्या गोष्टीहून वेगळं नाव म्हणून रेडपाथला हा शब्द हवा होता, नेमक्या त्याच गोष्टीवर आपल्या विधिमंडळाने कप्तानाचं आडनाव लावलं आहे.