तळटीप : भंडाऱ्यातील दोन भाषांची उपासना

३. स्कॉटिश मिशनरी रे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांनी सुरू केलेले मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भंडाऱ्यापर्यंत पोचले. पुढे ही प्रेस्बिटेरियन परंपरा १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात विलीन झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, त्यांत युनायटेड चर्चही एक. निरनिराळ्या पंथांच्या पद्धती अशा एकत्र नांदत असल्याने मंडळीगणिक उपासनेच्या क्रमात थोडाफार फरक आढळतो. मूळ लेखाच्या लेखकाचा या क्रमाबद्दलचा गोंधळ त्यामुळे समजण्याजोगा आहे.

दोन भाषांच्या उपासनेत सहसा शास्त्रपाठ एका भाषेत, तर उपदेश दुसऱ्या भाषेत होतो किंवा वाक्यागणिक उलगडून सांगितला जातो. प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हटली तरी चालते. गाण्यांतही दोन धारा दिसतात : पाश्चात्त्य चालींवरची गीते आणि ना. वा. टिळकांच्या (बाप्तिस्मा १८९५) अभंग-भजनांच्या वळणाची पदे. दुसऱ्या प्रकाराला पेटी-तबल्याची साथ असते. प्रभुभोजनाच्या वेळी बाप्तिस्मा न झालेल्या पाहुण्याने जागेवरच बसून राहावे. त्यात कोणाचाच अवमान नाही.

कॅथलिक चर्चचा इतिहास वेगळा. तेथे मिस्सा लॅटिनमध्ये होई. लोकभाषांना वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५). प्रॉटेस्टंट मिशनांनी मात्र उपासनेत मराठी आरंभापासूनच वापरली. — संपा.