अर्ध्या सेंटाचा वाटा

सरकार शेतकऱ्याला थेट पैसे देते, तेव्हा ‘शेतकरी’ कोणाला म्हणायचे? या प्रश्नाचा इतिहास पाहायचा तर मी अमेरिकेच्या आर्कन्सॉ राज्यातील पॉइन्सेट काउंटीपासून सुरुवात करीन.

मंदीच्या काळात कापूस पौंडाला सहा सेंटांच्या आसपास घसरला. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने शेती समायोजन कायदा केला. पीक कमी काढा, भरपाई सरकार देईल. पैसा गिरण्यांसारख्या प्रक्रिया उद्योगांवरील करातून. पण कायदा होईपर्यंत कापूस पेरून झाला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचे उभे पीक नांगरून टाकले गेले. दोन तासांमधून चालायला शिकवलेली खेचरे पिकावर पाय द्यायला तयार होईनात, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. पऱ्हाटीत डवरा धरलेल्या माणसाला त्या खऱ्या वाटतील.

खरी मेख पुढच्या, १९३४-३५ च्या करारात होती. पडीक ठेवलेल्या जमिनीवर जेवढा कापूस आला असता, त्याच्या दर पौंडामागे साडेतीन सेंट भाडे आणि एक सेंट पूरक रक्कम. भाडे मालकाचे. पूरक रक्कम मालक आणि बटाईदार यांनी निम्मी-निम्मी घ्यायची. म्हणजे मालकाला चार सेंट, राबणाऱ्याला अर्धा. तो अर्धाही मालकाच्या हातूनच यायचा, आणि मळ्यावरच्या दुकानातली उधारी मालकाच्याच वहीत असायची. (आपल्याकडे २०१९ पासून किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये जमिनीच्या धारकाला मिळतात, दुसऱ्याचे शेत ठोक्याने करणाऱ्याला नाहीत.)

शिवाय जमीन पडीक ठेवायची तर एवढी कुळे हवीत कशाला? करारात सातवे कलम होते: मालकाने शक्य तितपत पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत. ‘शक्य तितपत’ या दोन शब्दांतून पुष्कळ बिऱ्हाडे रस्त्यावर आली. पॉइन्सेटमधील टायरोन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून कुटुंबे काढली गेली, आणि जुलै १९३४ मध्ये अकरा गोरे व सात काळे शेतकरी एकत्र बसून त्यांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. त्या काळच्या दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांची एकच संघटना, ही गोष्ट मला मागण्यांहूनही धाडसाची वाटते. मालकांनी उत्तर दिले ते सभा उधळून आणि मारहाण करून.

संघटना कोर्टात गेली. तिथे कळले की करार सरकार आणि मालक यांच्यातला. कुळे त्यात पक्षकारच नाहीत, त्यामुळे त्यांना त्यावर दाद मागता येत नाही.

वॉशिंग्टनमध्ये याच कलमावरून भांडण पेटले. खात्यातील जेरोम फ्रँक यांच्या विधी विभागाने अर्थ लावला, की नुसती तेवढी कुळे नव्हेत, तीच कुळे ठेवली पाहिजेत. कापूस पट्ट्यातले मळेवाले खवळले. फेब्रुवारी १९३५ मध्ये योजनेचे प्रमुख चेस्टर डेव्हिस यांनी फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना काढून टाकले; कृषिमंत्री हेन्री वॉलेस डेव्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. चौकशीसाठी आर्कन्सॉला पाठवलेल्या वकील मेरी कॉनर मायर्स यांचा अहवाल तर कधी प्रसिद्धच झाला नाही.

६ जानेवारी १९३६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. तो खटला एका कापड गिरणीवरील कराचा होता. बटाईदाराच्या अर्ध्या सेंटाचा विषय त्यात नव्हता.